चौदाव्या धड्याच्या पुढे

११ जानेवारी

आजपासून तगालोग, फिलिपिन्सची भाषा, शिकायला घेतली. वय एकोणसत्तर. कारण इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे अंगचोरी करावीशी वाटली तर हे पान उघडता येईल.

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. काल माळ्यावरची ह्यांची लोखंडी पेटी खाली काढून घेतली. जहाजावर चीफ इंजिनियर होते तेव्हापासूनची. किल्ली कधी माझ्या हाती दिली नाही. "ग्रीस लागलेली हत्यारं आहेत, हात खराब होतील," म्हणायचे. किल्ली दाढीच्या सामानात सापडली. पेटीत हत्यार एकही नाही. टॉवेलात गुंडाळलेल्या बारा कॅसेटी. अकरांवर एक ते अकरा आकडे. बारावीवर आकडा नाही, नुसतं 'चीफ'. तिच्या पाकिटावर पाठवणाऱ्या बाईचं नाव आणि पत्ता. खाली 'तगालोग स्वयंशिक्षक' नावाचं पिवळं पडलेलं पुस्तक, आणि सात नंबरच्या बुटांचा एक जोड. ह्यांचा पाय दहाचा. कुणा पाहुण्याचे राहिले असतील.

टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला आणि पहिली कॅसेट लावली. बाई बोलते. मधेच हसते. मागे तान्हं मूल कुरकुरतं. शब्द एक कळला नाही, पण बायको नवऱ्याशी कुठल्या सुरात बोलते ते ओळखायला भाषा लागत नाही.

गुडघ्याच्या व्यायामाला जाते तिथली मदतनीस ह्याच भाषेची आहे, लग्न होऊन इकडे आलेली. तिला ऐकवलं असतं तर तासाभरात काम झालं असतं. पण माझ्या घरातलं मी कुणाला ऐकवणार नाही. मी शिकेन, सगळं नीट समजून घेईन, आणि मग त्या बाईला एकच पत्र लिहीन, तिच्याच भाषेत. इंग्रजीत लिहिलं तर म्हणेल, कळलं नाही. ती पळवाट ठेवायची नाही.

१४ जानेवारी

तेहेतीस वर्षं गणित शिकवलं आणि बोर्डाचे पेपर तपासले. उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून तपासायची, शेवटचं उत्तर आधी बघायचं नाही, हा माझा नियम. कॅसेटीही त्याच क्रमाने. एक पूर्ण कळल्याशिवाय दुसरी लावायची नाही. बिनआकड्याची सर्वांत शेवटी.

पुस्तक ह्यांचंच वापरते आहे. प्रत्येक धड्याच्या समासात पेन्सिलीने तारीख. पहिली तारीख ह्यांनी जहाज सोडलं त्या वर्षाची. शेवटची, चौदाव्या धड्यापुढची, तीन वर्षांनंतरची. म्हणजे घरी येऊन मला भाजी निवडायला मदत करत होते तेव्हाही नाद चालूच होता. काही शब्दांखाली दोन-दोन रेघा. 'हांगिन', म्हणजे हवा. 'पातावाद', म्हणजे माफ करा. हवापाण्याच्या गप्पा आणि रुसवेफुगवे, दुसरं काय.

२ फेब्रुवारी

सहा धडे झाले. ह्या भाषेत मोठ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' घालतात. पद्धत आवडली. पत्रात मात्र एकही 'पो' घालणार नाही.

गुडघेवालीशी बोलायचा सराव सुरू केला. आज मी तिला तिच्या भाषेत सांगितलं, माझा गुडघा सकाळी जास्त दुखतो. तिच्या हातातली उशी पडली.

"बाई, तुम्ही हे कुठं शिकलात?"

"पुस्तकातून."

"कशासाठी पण?"

"भांडायला."

ती इतकी हसली की पुढच्या खोलीतले आजोबा डोकावले. "मग शिकाल तुम्ही," म्हणाली. "प्रेमासाठी शिकणारे अर्ध्यात सोडतात."

लेकीलाही फोनवर सांगितलं. म्हणाली, "आई, तुला त्यापेक्षा पोहायला शिकता आलं असतं." कारण विचारलं नाही. बापाची लाडकी, तिला सांगणारही नाही.

२० फेब्रुवारी

दोन नंबरच्या कॅसेटीत 'आसावा' हा शब्द सात वेळा येतो. आसावा म्हणजे नवरा. 'आसावा को', माझा नवरा. सात वेळा.

आजपासून ह्या वहीत 'हे' आणि 'ह्यांनी' बंद. चीफ म्हणेन, जहाजावर सगळे म्हणायचे तसं. एकेरीत.

९ मार्च

चौथी कॅसेट. बाळाचे कान बापावर गेले आहेत म्हणते. बाहेर आलेले, पातेल्याच्या कानांसारखे. चीफचे कान डोक्याला चिकटलेले होते. पण प्रेमात माणसाला काय वाटेल ते दिसतं.

म्हणजे मूलही आहे. आता पंचविशीचं असेल.

आज रागाच्या भरात ते सात नंबरचे बूट कचऱ्याच्या गाडीत टाकले. मी टाकत असताना गाडीवरचा माणूस म्हणाला, "बाई, चांगले आहेत की, तळवे पण झिजलेले नाहीत." म्हटलं, चांगले असले तर तू घाल. त्याला होत नव्हते. गाडीच्या जबड्यात गेले. बरं वाटलं. त्या पेटीतलं काहीतरी मोडलं-चिरडलं गेलं ह्याचंच बरं वाटलं.

३० मार्च

सेकंड आला होता. चीफच्या हाताखाली सेकंड इंजिनियर होता, आमच्या घरात तेच नाव पडलं. आता जहाजावर जाणाऱ्या मुलांच्या प्रशिक्षण संस्थेचा प्राचार्य आहे. चीफने जहाज सोडल्यावर तिथेच शिकवलं. संस्थेच्या नव्या सभागृहाला चीफचं नाव देणार आहेत, त्यानिमित्त पुस्तिका निघणार, तिच्यात माझी दोन पानं हवीत.

"काकू, साहेबांनी किती पोरांचे जीव वाचवले असतील! आधी हवा तपासा, मग पाऊल टाका, हे त्यांनी घोटून घेतलं. एकदा एक पोरगा न तपासता नुसत्या सरावाच्या टाकीत उतरला, तर साहेबांनी त्याच्या थोबाडीत दिली आणि मग स्वतःच बाहेर जाऊन बसले."

"घरी पण तेच. कुठल्याही खोलीत शिरायचं तर आधी खिडक्या उघडायच्या. हिवाळ्यातसुद्धा. मला वीस वर्षं सर्दी आहे त्यापायी."

तो हसला नाही. चहाकडे बघत राहिला. साहेबांच्या आठवणीने भरून आलं असावं.

पानं देईन म्हटलं. आधी पत्र, मग पानं.

२१ एप्रिल

पंधरावा धडा पुरा केला. चीफ चौदाव्यावर थांबला होता. म्हणजे मी पुढे गेले. ह्या घरात पुढे कोण आहे ते आता पेन्सिलीने लिहिलेलं आहे.

१६ मे

नववी कॅसेट. छप्पर गळतं आहे, शेजारच्या सुताराने तीनदा येतो म्हणून सांगितलं. मग म्हणते, 'उवी का ना', घरी ये आता. मार्चमध्ये येशील म्हणाला होतास.

कंपनीची जुनी पत्रं काढली. चीफला सुट्टी जूनमध्ये मिळाली होती. ती म्हणते मार्च. म्हणजे मधले तीन महिने कंपनीलाही गुंगारा दिला. जहाजाचं इंजिन वाऱ्यावर सोडून! पटत नाही, पण आकडे समोर आहेत.

एक कबूल करते. त्या सुताराचा मला संताप आला. तीनदा कबूल करून येत नाही म्हणजे काय?

१७ जून

अकरावी संपली. तिच्यात एवढंच की मूल उभं राहायला लागलं आणि आता फक्त वीस दिवस उरले.

लगेच पत्र लिहिलं. तीन आठवडे मनात तयार होतं. चौदा वाक्यं. दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला 'आसावा को' म्हणताना जीभ कशी झडली नाही. तुझ्या मुलाला खोट्या बापाचे कान आहेत. तू वाट बघत होतीस तेव्हा तो इथे माझ्या ताटात जेवत होता. तो मेला, तुला कुणी कळवलंही नाही, तेवढीच तुझी लायकी. एकही 'पो' नाही. तीनदा तपासलं.

सकाळी अकरा वाजता टपालात टाकलं. घरी येऊन पोटभर जेवले.

१९ जून

पेपर पूर्ण तपासायचा म्हणून शेवटची, 'चीफ' लिहिलेली कॅसेट लावली. तोच आवाज, पण हसणं नाही. ह्या कॅसेटीत प्रत्येक वाक्यात 'पो' आहे.

अकरा कॅसेटींत एकदाही 'पो' नव्हता. नवऱ्याला कोण लावतं?

२० जून

तीनदा ऐकली. एकेक शब्द उतरवून काढला. इथे मराठीत लिहिते.

"चीफ साहेब, मी तुमच्या ऑइलरची बायको. मला इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून बोलते. जहाजावर आमच्या भाषेचे लोक आहेत, कुणीतरी तुम्हाला सांगेल. कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलंय, तो कुणाला न विचारता टाकीत उतरला आणि आत गुदमरला. साहेब, तो न विचारता जेवायलासुद्धा बसत नाही. इथे सगळे म्हणतात, स्वतःच्या मूर्खपणाने मेला. मला एवढंच सांगा, त्याला कुणी पाठवलं होतं का? मुलगा मोठा झाला की विचारेल."

पुढे बराच वेळ नुसती खरखर.

तीन दिवसांपूर्वी टाकलेलं पत्र परत मिळतं का विचारायला टपाल कचेरीत गेले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजी, ते कधीच विमानात बसलं."

२२ जून

सेकंडला बोलावून घेतलं. चहा दिला नाही. कॅसेट लावली. भाषा त्याला येत नाही, पण आवाज ऐकूनच त्याने मान खाली घातली.

"कोण होता तो?"

"ऑइलर. यंत्रांना तेलपाणी बघायचा. चांगला माणूस होता, काकू. ह्या कॅसेटी दुपारच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये लावायचा, आम्हाला पण ऐकवायचा. कळायचं काही नाही, तरी ऐकायचो."

"टाकीत का उतरला?"

"...साहेब म्हणाले, जा, बघून ये, गळती कुठे आहे. घाई होती. बंदर जवळ आलं होतं."

"हवा तपासली होती?"

"नाही."

"आणि कंपनीला काय लिहिलंत?"

"सूचना न घेता उतरला. काकू, तेव्हा सगळ्याच जहाजांवर असंच—"

"सगळ्या जहाजांचं विचारलं नाही मी. सही कुणाची?"

"साहेबांची. आणि खाली माझी."

मग सेकंडनेच सांगितलं, ऑइलरचं सामान पुढच्या बंदरात उतरवलं, तेव्हा कॅसेटी वर्कशॉपच्या खणात राहून गेल्या आणि बूट कपडे बदलायच्या खोलीत. टाकीत उतरण्याआधी त्याने ते काढून ठेवले होते. नवे होते. घरी जाताना घालायला घेतलेले, पायाला सवय व्हावी म्हणून थोडे-थोडे घालायचा. चीफ म्हणाला, मी पाठवतो.

सात नंबरचे, असं मी म्हटलं नाही. तो म्हणाला.

कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. आयुष्यभर मुलांकडून चूक लिहून घेतली आहे, प्राचार्याकडून लिहून घ्यायला काय जड? "कुणी पाठवलं, काय तपासलं नव्हतं, काय खोटं लिहिलं. तीन ओळी. खाली सही आणि तारीख."

"काकू, साहेबांचं नाव..."

"लिही."

लिहिलं त्याने. अक्षर शाळेतल्या मुलासारखं आलं.

२९ जून

सहा महिने माझा सगळा राग एका परक्या बाईवर वाया गेला. आता योग्य पत्ता मिळाला आहे. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर जेवले त्याने एका मेलेल्या माणसावर खोटं रचलं, त्याच्या बायकोला उत्तर दिलं नाही, आणि वर प्रामाणिकपणाचं नाव मिरवलं. सभागृहाचं नाव म्हणे! पुस्तिकेसाठी दोन पानं लिहून पाठवली. त्यात चीफच्या बालपणाचं काही नाही. फक्त त्या एका दुपारचं आहे.

मग सहज बाराव्या कॅसेटीची दुसरी बाजू लावली. कोरी असेल असं वाटलं होतं.

चीफचा आवाज.

खाकरतो. "आको पो..." मी. पुढे काही नाही. बटण बंद. पुन्हा बटण. "आको पो..." उच्चार इतके वाईट की मी वर्गात असते तर उभं केलं असतं. असे अकरा प्रयत्न. एकदा 'पातावाद'पर्यंत आला. एकदा 'हांगिन'. अकराव्या वेळी, "आको पो आंग नाग-उ—". 'आको पो आंग नाग-उतोस', म्हणजे मीच हुकूम दिला, असं म्हणायचं होतं. शेवटचा शब्द अर्धाच. मागे खिडकी उघडल्याचा आवाज येतो. मग संपलं.

तीन वर्षं आणि चौदा धडे. शब्द सगळे येत होते त्याला. म्हणजे येत नव्हतं म्हणून नाही, भ्याला म्हणून. हे तर जास्तच वाईट.

८ जुलै

त्याच कॅसेटीवर, त्याच्या अकराव्या प्रयत्नाच्या पुढे, मी बोलले. त्याचं पुसलं नाही. पुसलं तर सुटेल. आधी त्याचं अर्धं वाक्य पुरं केलं, स्पष्ट उच्चारात: चीफनेच हुकूम दिला. हवा तपासली नव्हती. तुमच्या नवऱ्याची चूक नव्हती. मी चीफची बायको. माझं आधीचं पत्र वाचलं असेल तर ते जाळा, नसेल तर न वाचता जाळा. प्रत्येक वाक्यात 'पो' घातला.

पत्र जाळा हे शेवटचं वाक्य जमायला पाच वेळा बटण दाबावं लागलं. का ते कळलं नाही, शब्द सोपे आहेत.

बाराही कॅसेटी, सेकंडचा कागद आणि त्याचं गुडघेवालीकडून करून घेतलेलं तगालोग भाषांतर असं पाठवलं. भाषांतर तिने एका बैठकीत संपवलं. शेवटी एवढंच म्हणाली, "बाई, भांडण जिंकलात का?"

म्हटलं, अजून चालू आहे.

३ ऑगस्ट

संस्थेचं पत्र. 'काही अपरिहार्य कारणास्तव' नामकरणाचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. पत्र चीफच्या फोटोखाली ठेवलं, त्याला दिसेल असं.

लेकीचा फोन. कुणीतरी तिला सांगितलं. "आई, बाबांनी काय बिघडवलं होतं तुझं?" म्हणाली आणि रडली. तिला म्हटलं, माझं नाही, एका सात नंबरच्या माणसाचं. तिला कळलं नाही. समजावत बसले नाही.

२९ ऑगस्ट

उत्तर आलं.

पाकिटात माझं पहिलं पत्र परत, घडीवर घडी घातलेलं. जाळलं नाही तिने. त्याच्याच मागे लिहिलं आहे. अक्षर मोठं, सावकाश काढलेलं. शब्दकोश न उघडता सगळं कळलं.

"हे पत्र आधी आलं. आठ दिवस मी कुणाशी बोलले नाही. मग कॅसेट आली. मुलाला बसवून ऐकवली. तो कागद त्याने भिंतीवर लावला आहे. तुमचे साहेब इतक्यांदा बोलायला लागले आणि थांबले, ते ऐकून मुलगा म्हणाला, ह्या माणसाचा श्वास अडकत होता. मी तुम्हाला माफ केलं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एक विचारायचं आहे. तो शेवटच्या फोनवर म्हणाला होता, नवे बूट घेतलेत, घरी येताना घालीन. सामानात ते आले नाहीत. तुमच्याकडे असतील तर पाठवा. मुलाचा पाय सात नंबरचाच आहे."

दुपारी दोन वाजता उत्तर लिहायला बसले. फेकून दिले, 'इतिनापोन को'. मीच टाकले. दोन शब्द. नवव्या धड्यातले. त्या धड्यापुढे पेन्सिलीची तारीख आहे.

कागद घेतला, 'आको पो' लिहिलं आणि थांबले. दुसरा घेतला. हरवले असं लिहिता येईल. पेटीत नव्हतेच असं लिहिता येईल. बघायला कोण येणार आहे? मला वाटलं, खोलीत फार कोंडलंय. उठून खिडक्या उघडल्या. एकेक करून सगळ्या.

पाच वाजता लिहून झालं. मीच टाकले, रागात, ते कुणाचे हे विचारलंसुद्धा नाही. टपाल बंद व्हायच्या आत टाकून आले.

ह्यांना तीन वर्षांत जमलं नाही ते मला तीन तासांत जमलं. आनंद झाला म्हणावं, तर तसं काही वाटत नाही. घरी आल्यावर फोटोखालचं ते संस्थेचं पत्र काढून घेतलं.

उद्या सोळावा धडा.